न हलणारी मुलगी आणि अठ्ठ्याऐंशी पर्सिमन

नागोशीबाईंनी चिगुसाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका गांधीलमाशीमुळे.

चौथीच्या वर्गाचा फोटो काढायचा होता. इसोता गावाच्या शाळेच्या पटांगणात सत्तावीस मुलं तीन रांगांत उभी होती. बोटीने शहरातून आलेला फोटोग्राफर "आता कुणी हलू नका" असं बजावून यंत्रामागे वाकला, आणि नेमकी तेव्हाच कुठूनशी ती मोठी, पिवळ्या पट्ट्यांची गांधीलमाशी आली. सव्वीस मुलं किंचाळत पांगली. स्वतः बाईसुद्धा दोन पावलं मागे सरकल्या. पुढच्या आठवड्यात फोटो धुऊन आला तेव्हा त्यात सव्वीस धूसर ठिपके होते आणि मागच्या रांगेत एकच मुलगी स्वच्छ, ठळक उभी होती. वर्गातली सगळ्यात उंच, ओरिहातांची चिगुसा. गांधीलमाशी तिच्या कॉलरवर बसली होती.

"तुला दिसली नाही का गं ती?" बाईंनी विचारलं.

"दिसली की."

"मग?"

"ते काका म्हणाले होते ना, हलू नका म्हणून."

शहाणी म्हणावं तर जिवावर बेतलं असतं, वेडी म्हणावं तर सांगितलेलं ऐकणारी एकटी तीच. बाईंनी नोकरीत न ऐकणारी मुलं ढिगानं पाहिली. त्यांचा त्रास त्यांना फारसा झाला नाही. या ऐकणाऱ्या मुलीनं मात्र त्यांना जन्मभर वैताग दिला.

चिगुसाचे वडील फेरीबोटीवर दोर टाकायचे, आई माशांच्या वड्या करण्याच्या कारखान्यात होती. आईचं आणि बाईंचं एका झाडामुळे जमलं. बाईंच्या परसात तुरट पर्सिमनचं, म्हणजे टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या नारिंगी फळांचं, जुनं झाड आहे. ही फळं तशीच खाल्ली तर जीभ लाकडासारखी होते. पण सोलून, देठांना दोरी बांधून, वळचणीखाली महिनाभर वाऱ्यावर टांगली की गुळासारखी गोड होतात. दर नोव्हेंबरात चिगुसाची आई सुरी घेऊन यायची आणि दोघी मागच्या पडवीत बसून फळं सोलायच्या. चिगुसा पायरीवर बसून बघायची. मदत कर म्हटलं तर करायची, थांब म्हटलं तर थांबायची. मधल्या वेळात पाटावर ठेवलेल्या बाहुलीसारखी.

अठराव्या वर्षी ती ओसाकाला गेली, दातांच्या दवाखान्यातली मदतनीस व्हायला. तिथे एका टपालाने कपडे विकणाऱ्या कंपनीच्या माणसानं तिची उंची पाहिली, पाच मिनिटं तिला भिंतीपुढे उभी करून पाहिली आणि नोकरी दिली. आता मॉडेल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पॅरिस येतं. चिगुसा ज्या कागदावर झळकायची तो शनिवारच्या वर्तमानपत्रात घडी घालून येत असे. एप्रन, पावसाळी बूट, लोकरी बंड्या, पाठदुखीचे पट्टे. इसोतात तो कागद कुणी टाकत नसे. समोरच्या घरातल्या कावाझोएबाई तर तो हातात घेऊनच रस्ता ओलांडायच्या.

"नागोशीबाई, अहो आज आपली चिगुसा कंबरपट्टा घालून आली आहे! एवढ्यात कंबर गेली का हो पोरीची?"

"जाहिरात आहे ती."

"ते कळतं मला. पण तोंड बघा ना, खरंच दुखत असल्यासारखं केलंय."

तोंड नेहमीसारखंच होतं. चिगुसाचं तोंड सतरा वर्षं नेहमीसारखंच होतं. फोटोग्राफर लोक तिच्यावर खूष असत, कारण तिचा एकही फोटो हललेला नसे. एक, दोन, तीन मोजायचं, बटणाचा आवाज झाला की वळायचं. परत एक, दोन, तीन. एका दिवसात साठ एप्रन.

मग पस्तिशीला आल्यावर, जेव्हा शहाणी माणसं असलेलं काम सांभाळतात, तेव्हा चिगुसाला अभिनय करावासा वाटू लागला.

पहिली भूमिका मिळाली ती बेशुद्ध रुग्णाची. दूरदर्शनवरच्या एका मालिकेत ती चार भाग निपचित पडून होती. काम इतकं चोख झालं की पुढे तिला तीन प्रेतं मिळाली. एका दिग्दर्शकानं सगळ्यांसमोर सांगितलं, असं प्रेत मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. चिगुसानं हे फोनवर अभिमानानं सांगितलं तेव्हा बाईंनी कपाळाला हात लावला.

मग तिला एक वाक्य मिळालं. "चहा गार झालाय." एवढंच. चिगुसा ते म्हणाली, पण म्हणताना "चहा"ला कमरेवर हात गेला, "गार"ला हनुवटी खांद्याकडे वळली आणि "झालाय" म्हणेपर्यंत ती अर्धी फिरून पाठमोरी उभी होती. चौदा वेळा करून घेतलं. चौदाही वेळा एक, दोन, तीन आणि वळण. शेवटी ते वाक्य चहा आणून देणाऱ्या मुलीला दिलं आणि चिगुसाला खिडकीशी नुसती उभी केली.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"बाई, मला हलता येत नाही हो."

"मी कधी म्हटलं होतं तुला, हलू नकोस म्हणून?"

"तुम्ही नाही म्हणालात. पण हल असंही कुणी म्हटलं नाही."

बाईंनी तिला सांगितलं, जेव, झोप, सोमवारी एप्रन घालून कामावर जा. चिगुसा "हो" म्हणाली. बाईंनी सांगितलेलं न ऐकण्याची तिची ही पहिलीच वेळ. सोमवारी ती गेलीच नाही. दुसरं वाक्य आपल्याला कुणी देणार नाही हे तिनं ओळखलं होतं, म्हणून ती स्वतःच एक चित्रपट लिहायला बसली.

चित्रपटात फार काही घडत नव्हतं. शहरात राहणारी मुलगी गावी येते, आई पडवीत पर्सिमन सोलत असते, मुलगी शेजारी बसते, दोघी सोलतात. पुढे मुलगी बोटीनं परत जाते. बाकीचा भाग शहरात आणि बोटीवर करून झाला होता. राहिला होता तो पडवीतला. एकच सलग दृश्य, पहिल्या फळापासून भरलेली दोरी टांगेपर्यंत. मुलीचं काम चिगुसा स्वतः करणार होती. तिची खरी आई जाऊन चार वर्षं झाली होती, घरही विकलं होतं. तेव्हा आईचं काम नागोशीबाईंनी करायचं.

"मी एकाहत्तर वर्षांची आहे," बाई म्हणाल्या. "आणि नाटकात मी फक्त एकदा काम केलंय. ढगाचं."

"तुम्ही काही करायचं नाही. नुसतं सोलायचं."

"बघू," बाई म्हणाल्या. इसोतात "बघू" म्हणजे "नाही" हे शेंबड्या पोरालाही कळतं. चिगुसा दुसऱ्या आठवड्यात कॅमेरा घेऊन दारात उभी राहिली.

सोबत मुनेकाता नावाचे पन्नाशीचे गृहस्थ होते. लग्नांचं चित्रीकरण करायचे. भला माणूस, पण पंचवीस वर्षं लग्नं करून त्यांच्या हाताला एक खोड लागली होती. समोर कुणाचे डोळे जरा ओले दिसले की त्यांचा कॅमेरा आपोआप त्या डोळ्यांत शिरायचा. सोमवार ते शनिवार ते मोकळे होते. रविवारी एक लग्न होतं, आणि पुढे फेब्रुवारीपर्यंत रांगेनं लग्नंच होती. म्हणजे पडवीतलं दृश्य शनिवारच्या शेवटच्या बोटीआधी झालं तर चित्रपट झाला. नाही तर नोव्हेंबर गेला, फळं गेली, आणि दोन वर्षांची खटपट डब्यात गेली.

कामाला सुरुवात करण्याआधी चिगुसानं सगळं रीतीनं केलं. आपल्यामुळे शेजाऱ्यांना आवाजाचा, गर्दीचा त्रास होणार असेल तर आधी घरोघरी जाऊन, कागदात गुंडाळलेला नवा टॉवेल देऊन, "त्रास होईल, सांभाळून घ्या" म्हणायचं असतं. समोरची तीन घरं आणि दोन बाजूंची दोन. हा नियम बाईंनीच चौथीला फळ्यावर लिहून पाठ करून घेतला होता. चिगुसानं पाच निळे टॉवेल आणले, पाच घरी गेली, पाचदा वाकली. बाईंना बरं वाटलं. निदान शिकवलेलं एवढं तरी राहिलं!

झाडावर त्या वर्षी कावळ्यांनी ठेवलेली फळं अठ्ठ्याऐंशी होती. एका दोरीला दहा. सोललेलं फळ काही परत सालीत जात नाही, म्हणजे एक प्रयत्न फसला की दहा फळं गेली. मुनेकाता म्हणाले, "बाजारातून आणू की." तेव्हा बाईंनी त्यांना समजावलं की बाजारातल्या फळांचे देठ छाटलेले असतात, दोरी बांधायची कशाला? इथे देठाला फांदीचा तुकडा ठेवूनच तोडावं लागतं.

सोमवारी तीन दोऱ्या गेल्या. पहिल्या दोन खुद्द बाईंमुळे. चिगुसा "सुरू" म्हणाली की कॅमेरा त्यांच्याकडे बघायचा, आणि कुणी बघितलं की बाईंची मान आपोआप लवायची. आयुष्यभराची सवय.

"बाई, कॅमेऱ्याला नमस्कार नाही करायचा."

"मी कुठे केला?"

चिगुसानं चित्र दाखवलं. केला होता. सातदा. तिसऱ्या वेळी बाईंनी मान ताठ ठेवली, पण गार वाऱ्यानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मुनेकातांचा कॅमेरा सरळ डोळ्यात शिरला. फळं, सुऱ्या, चिगुसा, सगळं चित्राबाहेर.

"माफ करा," मुनेकाता म्हणाले. "वधूची आई डोळ्यांपुढे आली."

मंगळवारी दोन दोऱ्या चिगुसाच्या पायी गेल्या. ती सोलायला बसली खरी, पण फळ हातात धरून एक, दोन, तीन, की मान डावीकडे. परत एक, दोन, तीन, की सुरी उंच. जणू सुरीच विकायला काढली आहे.

"अगं, तू सोलतेस की दाखवतेस?"

"सोलतेय."

"मग साल कुठे आहे?"

साल नव्हती. दहा मिनिटांत तिनं दीड फळ सोललं होतं. बाईंना वाटलं, ही सुरी ठेवावी, आत जावं आणि दार लावून घ्यावं. पण पोरीचं तोंड बघवेना. नेहमीसारखंच होतं ते तोंड, पण खालचा ओठ आतून चावलेला होता. हे फक्त चौथीतल्या बाईंनाच दिसलं असतं.

बुधवारी मात्र सगळं जुळून येऊ लागलं. बाईंची मान ताठ, मुनेकाता शांत, चिगुसा निदान पाचापर्यंत मोजत होती. आठवं फळ झालं, नववं झालं, आणि मागच्या डोंगरउतारावरून आवाज आला, धड धड धड धड.

परसाच्या मागे गोंदोसानची संत्र्यांची बाग आहे, पायऱ्यापायऱ्यांची. चढ इतका उभा की संत्र्यांची खोकी खाली आणायला एका रुळावर चालणारी छोटी इंजिनाची गाडी बसवली आहे. गोंदोसान अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एकटे, कमी बोलणारे. संत्र्यांचे दिवस, तेव्हा गाडी चालणारच. सगळे थांबले. गाडी वर गेली, खाली आली, बंद पडली. चिगुसा "सुरू" म्हणाली. गाडी सुरू झाली.

दोन दोऱ्या बुधवारी गेल्या. गुरुवारी आणखी एक गेली. त्या दिवशी बाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं. गाडीवरची खोकी वर जाताना रिकामी होती. खाली येतानाही रिकामीच होती.

"काहीतरी बिनसलंय त्यांचं," बाई म्हणाल्या.

"विचारू का जाऊन?" चिगुसा म्हणाली.

"काय विचारणार? तुम्ही रिकामी खोकी का फिरवता म्हणून?"

शिवाय आणखी एक गोष्ट बाईंना आठवली. दर नोव्हेंबरच्या मध्यावर त्यांच्या मागच्या पायरीवर कुणी न बोलता संत्र्यांची एक बादली ठेवून जात असे. यंदा नोव्हेंबरचा मध्य उलटला, बादली नाही. बाईंनी तीन-चार दिवस मनाची समजूत घातली होती की पीक उशिरा असेल. झाडं तर नारिंगी झाली होती.

आता उरली होती आठ फळं. पुरती एक दोरीसुद्धा नाही.

शुक्रवारी सकाळी कावाझोएबाई मुळ्याचं लोणचं घेऊन आल्या. लोणचं हे निमित्त होतं, कारण आदल्याच दिवशी त्यांनी लोणचं आणलं होतं. हवा-पाण्याचं झालं, सुनेचं झालं. मग चहाचा पेला फिरवत, भिंतीकडे बघत त्या म्हणाल्या,

"मी काय म्हणते, गोंदोसानला कुठल्या रंगाचा टॉवेल दिला हो? आमचा निळा आहे. छान आहे. मऊ."

बाईंनी हातातली किटली खाली ठेवली.

समोरची तीन, बाजूंची दोन. सपाट गावातला नियम. डोंगरउतारावर घराच्या मागेही घर असतं, आणि ते तर वरून सगळं बघत असतं! चौथीच्या फळ्यावर बाईंनी पाच घरं काढली होती. सहावं काढलंच नव्हतं. पंचवीस वर्षं किती मुलांना त्यांनी मागचं घर न शिकवता पुढे ढकललं, कोण जाणे.

"अहो पण मग सांगायचं ना!" बाईंचा आवाज चढला, आणि तो सहसा चढत नसे. "दोन दिवस रिकामी गाडी फिरवतोय माणूस! तेल जाळतोय! तोंड नाही का दिलं देवानं? आणि तुम्ही? तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"सोमवारपासून," कावाझोएबाई शांतपणे म्हणाल्या. "सगळ्यांनाच माहीत आहे."

"मग?"

"सांगितलं तर मागितल्यासारखं होतं ना. टॉवेल काय मागून घ्यायचा असतो?"

बाई निघाल्याच होत्या, पायात चपला अडकवून. पण चिगुसानं दार अडवलं.

"चित्रपट माझा आहे, बाई. मी जाते."

"चूक माझी आहे."

"असेल. पण आवाज माझा होता."

घरात एक नवा टॉवेल होता, पण त्यावर दारूच्या दुकानाचं नाव छापलेलं. तो देणं म्हणजे जखमेवर मीठ. चिगुसा दुपारच्या बोटीनं शहरात गेली आणि साडेतीनला परतली. निळे संपले होते, पांढरा मिळाला. तिनं तो कागदात गुंडाळला, वर आपलं नाव लिहिलं आणि चार वाजता बागेतल्या पायऱ्या चढून गोंदोसानच्या दारापुढे उभी राहिली.

बाई पडवीतून बघत होत्या. आत दूरदर्शन चालू होतं, ते खालपर्यंत ऐकू येत होतं. चिगुसानं हाक मारली. दूरदर्शन बंद झालं. दार उघडलं नाही.

चिगुसा दोन्ही हातांत टॉवेल धरून उभी राहिली.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. "अगं पुन्हा हाक मार," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, जणू तिला ऐकू जाणार होतं. "कडी वाजव. खोक. काहीतरी कर!" चिगुसा काहीच करेना. वारा तिचे केस उडवत होता, केस तोंडावर येत होते, पण तिनं हात उचलून ते बाजूला केले नाहीत. ती जागा अशी की सगळ्या इसोताला दिसते. कावाझोएबाई वाळत घातलेले कपडे तिसऱ्यांदा काढत होत्या. बंदरावर जाळी विणणारी दोन माणसं वर बघत होती. मुनेकातांनी नकळत कॅमेऱ्याकडे हात नेला, तेव्हा बाईंनी त्यांच्या हातावर चापट मारली.

अर्धा तास झाला. बाईंना इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. राग गोंदोसानचा, की त्या पोरीचा, की फळ्यावरच्या पाच घरांचा, ते त्यांनाच सांगता आलं नसतं. ती गांधीलमाशी चावली असती तर काय केलं असतंस गं, असं त्यांना सत्तावीस वर्षांनी विचारावंसं वाटलं.

पाच वाजता खांबावरच्या भोंग्यातून गावाची रोजची धून वाजली. उन्हं उतरली. आणि दार सरकलं.

"पुतळा आहेस का?" गोंदोसान म्हणाले. संध्याकाळच्या शांततेत शब्द न् शब्द खाली येत होता. "लोक बघतायत."

"टॉवेल आणलाय. त्रास होईल, सांभाळून घ्या."

"होईल? झाला की. पाच दिवस."

"उशीर झाला. मला मागचं घर माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं? लहानपणी माझ्याच झाडावरची संत्री खायचीस."

"ती बाईंच्या पायरीवर असायची. मला वाटायचं, तिथेच येतात."

गोंदोसाननी टॉवेल घेतला, कागद उलगडला.

"कावाझोएकडे निळा दिलास म्हणे."

"निळे संपले."

"पांढरा बरा. धुतला की नाही, ते कळतं." ते आत गेले आणि संत्र्यांनी भरलेली बादली घेऊन आले. बादलीवर धूळ होती. सोमवारच्या आधीच भरून ठेवली असावी. "ही घे खाली. उद्या मी गाडी धुणार आहे, चालवणार नाही. आणि आता तरी हल बाई, मला दार लावायचंय."

चिगुसा खाली आली ती लंगडत. दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. बाईंनी तिला पडवीत बसवून पायांवर गरम पाण्याच्या पिशव्या ठेवल्या आणि भरपूर बोलून घेतलं. एक तास! थंडीत! हाक मारायला काय झालं होतं? चिगुसा संत्रं सोलत ऐकत होती.

"सुरुवातीला मोजत होते," ती मध्येच म्हणाली. "एक, दोन, तीन झालं की वळावंसं वाटायचं. वळले नाही. मग कधीतरी मोजायचं राहूनच गेलं."

बाईंना तिचं बोलणं समजलं नाही. पण त्यांनी पाहिलं, की ती संत्रं सरळ सोलत होती, इकडेतिकडे न बघता.

शनिवारी दुपारी एक वाजता शेवटची आठ फळं पडवीत मांडली. बोट पाचची. मुनेकातांचं सामान बांधून दाराशी होतं. मागच्या उतारावर गोंदोसान पाण्याच्या नळीनं गाडी धुत होते. आवाज म्हणाल तर पाण्याचा, तोही दूर.

"सुरू," चिगुसा म्हणाली आणि येऊन बसली. पाय अजून दुखत होते, म्हणून ती एका अंगावर, अजागळ बसली. बाईंनी बघितलं आणि त्यांना टोकावंसं वाटलं, तेवढ्यात त्यांना तिच्या हातातली साल दिसली.

"अगं अगं! अर्धं फळ सालीबरोबर चाललंय!"

"जाऊ दे हो."

"जाऊ दे काय? आठ उरलीयत. तुझी आई बघ कशी काढायची, कागदासारखी."

"आई म्हणायची, साल तुमचीच कागदासारखी. पण गाठ सैल."

बाईंची सुरी थांबली. "कुणाची गाठ?"

"तुमची. ती घरी जाताना म्हणायची, बाईंची फळं रात्रीतून दोन तरी पडणार."

"कधीही पडली नाहीत!"

"ती परत येऊन बांधून जायची. तुम्ही शाळेत असताना."

वीस-बावीस वर्षं, दर नोव्हेंबरात! बाईंचे कान लाल झाले. इतकी वर्षं त्या आपल्या गाठींवर खूष होत्या. त्यांनी दोरी ओढली, पहिलं फळ सोडलं, पुन्हा बांधलं, करकचून. "ये आता. ओढून बघ. ओढ!" चिगुसानं ओढलं. गाठ सुटली नाही, देठच तुटला. फळ पायरीवरून टुणटुणत परसात गेलं, आणि चिगुसा "अरे!" करून त्याच्यामागे धावली, लंगडत, चित्रातून बाहेर.

पडवीत बाई एकट्या उरल्या. झाडाखालून पानांचा आवाज येत होता.

"मिळालं का?" त्यांनी ओरडून विचारलं.

"माती लागलीय."

"पुसून आण. टाकू नकोस."

ती आली, स्कर्टला फळ पुसत. दोघींनी उरलेली सात टांगली, आणि आठवं बशीत ठेवलं. बऱ्याच वेळानं मुनेकातांनी यंत्र बंद केलं.

"किती नमस्कार केले मी?" बाईंनी विचारलं.

"एकही नाही."

"आणि ती बाहेर गेली, ते? कापावं लागेल ना?"

चिगुसा चित्र बघत होती. तिनं ते दोनदा पाहिलं. मग "नाही" म्हणाली, आणि पाय चोळत तिथेच खाली बसली.

चित्रपट एक्केचाळीस मिनिटांचा झाला. पुढच्या मे महिन्यात तो इसोताच्या सार्वजनिक सभागृहात दाखवला, आणि नंतर तीन-चार शहरांतल्या लहान थिएटरांत. एका समीक्षकानं लिहिलं की रिकाम्या पडवीतलं अर्धं मिनिट त्याच्या लक्षात राहिलं. इसोतातलं मत वेगळं पडलं. कावाझोएबाई म्हणाल्या, लोणच्याची बरणी मागे दिसते ती आपली. गोंदोसाननी विचारलं, गाडी एवढी धुतली, ती का नाही घेतली? बाईंना सगळ्यात वाईट वाटलं ते त्यांच्या गाठीचं, कारण ते आता चार शहरांना कळलं होतं.

दुसऱ्या चित्रपटाची जुळवाजुळव चालू आहे. त्यात गाडी आहे. गोंदोसान रोज एक नवी अट घालतात आणि चिगुसा प्रत्येक अटीला "हो" म्हणते. तिला "बघू" म्हणायला शिकवून बाई थकल्या.

चिगुसा आता एकोणचाळीस वर्षांची आहे. बंदराजवळ दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहते, आणि महिन्यातून दोनदा सकाळच्या बोटीनं शहरात जाऊन जाहिरातीसाठी उभी राहते. गेल्या शनिवारी गुडघ्याचे पट्टे होते.